पायऱ्यांपासून तीनशे मीटर

१

सर पंपघराच्या पायऱ्यांखाली मरून पडलेले सापडले, आणि ते तिथे पडलेच नव्हते असं आमच्याच केबलने सांगितलं. या दोन बातम्यांमध्ये जेमतेम तीन तासांचं अंतर होतं. पहिली ऐकून मी रडलो. दुसरी ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सर म्हणजे आमच्या भूकंप केंद्राचे प्रमुख. पंपघराला लागून असलेल्या एका खोलीत एकटे राहायचे. खोलीपासून रस्त्यावर यायला बावीस दगडी पायऱ्या चढायच्या, आणि रस्त्याच्या कडेने जमिनीखालून आमची केबल. सकाळी पावणेआठला पंप चालू करायला आलेल्या माणसाला ते सगळ्यात खालच्या पायरीशी दिसले. डोकं फुटलेलं, एक पाय वेडावाकडा, हातात केंद्राची मोठी हातोडी. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. घसरले असतील, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. एकतीस वर्षांत चार साहेब पाहिले, पण माझ्यासोबत चेंबरमध्ये उतरून चिखलात बसणारा साहेब हा एकच.

मी केंद्रातला केबल जॉइंटर. सगळे मला मिस्त्री म्हणतात. केबल म्हणजे आत केसाएवढा काचेचा धागा, आणि दोन धाग्यांची टोकं उजेड अडणार नाही अशी सांधायची, हे माझं काम. केंद्रातलं यंत्र त्या धाग्यात लेसरचा उजेड सोडतं. वाटेत प्रत्येक ठिकाणाहून त्यातला किंचित उजेड मागे येतो. जिथे जमीन हलते तिथला धागा तसूभर ताणला जातो आणि मागे येणारा उजेड बिचकतो. थोडक्यात, केबलला दर दहा मीटरला एक कान असतो. आम्ही त्यांना कानच म्हणतो आणि केंद्रापासून नंबर देतो. आमच्या गावाखाली जुन्या खाणीचे बोगदे आहेत. ते कुठे ढासळताहेत ते ऐकायला हे कान बसवले. दूरचा भूकंप सोडाच, रस्त्यावरून कुत्रं गेलं तरी त्यांना कळतं.

सकाळी अकराच्या सुमारास सरांची सहायक संगणकाच्या खोलीतून बाहेर आली. एवढीशी मुलगी, पण केंद्रात तिला सगळे मॅडम म्हणतात. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तपासाला आलेल्या फौजदारबाईंना ती म्हणाली, "सहा वाजून दहा मिनिटांनी मोठा धक्का आहे. माणूस उंचावरून गडगडत पडावा तसा. पण तो पायऱ्यांपाशी नाहीये. पायऱ्या दोनशे नव्वदाव्या कानावर आहेत, आणि धक्का तीनशे विसाव्यावर आहे."

तीस कान, म्हणजे तीनशे मीटर पुढे. तिथे रस्त्याला लागून एक गॅरेज आहे, आणि ते माझ्या जावयाचं आहे.

२

फौजदारबाई ठेंगण्या, दमेकरी, आणि दिसेल ते पुटपुटत मोजणाऱ्या. खोलीतल्या खुर्च्या मोजल्या, खिडकीचे गज मोजले, मग बोलायला बसल्या. बोलावताना दरडावायच्या नाहीत, त्यामुळे माणूस जास्तच घाबरायचा.

पहिला आला तो बिल्डर. गॅरेजच्या पलीकडचं माळरान त्याचं, साडेतीनशेव्या कानाच्या आसपास. तिथे रोज सकाळी कसलंतरी यंत्र चालतं, जमीन हलते, ते बंद करा, अशा तीन नोटिसा सरांनी त्याला धाडल्या होत्या. तो म्हणाला की सरांचं आपलं पटत नव्हतं, हे गावाला माहीत आहे, आपण कशाला लपवू. पण त्या माळावर आपली एक कुदळसुद्धा नाही, यंत्र कुठलं. फौजदारबाईंनी माणूस पाठवून पाहिलं. खरंच काही नव्हतं, नुसतं गवत.

मग मॅडम. सर गेल्यावर खुर्ची तिलाच मिळणार, हे तिच्या तोंडावर सांगितल्यावर ती रडलीही नाही आणि चिडलीही नाही. म्हणाली, खुर्ची घ्या, यंत्र घ्या, फक्त सर कसे गेले ते शोधा. सर गेला महिनाभर अस्वस्थ होते एवढंच तिला ठाऊक होतं. जमिनीखालची एक गडगड रोज थोडी वाढत होती, आणि केबल म्हणत होती की ती दोनशे नव्वदाव्या कानाखाली आहे, म्हणजे सरांच्याच खोलीखाली. तिथे दुसरं कोणी राहत नाही म्हणून सर आधी निर्धास्त होते. पुढे एकदा ते तिला म्हणाले, "यंत्र म्हणतं माझ्या पलंगाखाली डोंगर कोसळतोय, आणि माझ्या पेल्यातलं पाणी हलत नाही. कुणीतरी खोटं बोलतंय, आणि पेला नक्की नाही."

म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की उद्या सकाळी उजाडताच मी हातोडी घेऊन निघतो. ही आमची तपासायची रीत. रस्त्यावर ठरल्या जागी हातोडी मारायची, आणि कुठल्या कानाला ती ऐकू आली ते नंतर नोंदीत बघायचं. कान आणि जमीन यांचा मेळ असाच घालतात.

शेवटी माझा जावई. आठवड्यापूर्वी तो सरांशी भर रस्त्यात भांडला होता. त्याला गाड्यांसाठी रस्त्याकडेला खड्डा खणायचा होता, सरांनी मनाई केली. तो म्हणाला होता, तुमची काच एक दिवस उपटून फेकून देईन. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण जिभेला हाड नसतं ते असंच अंगाशी येतं. आपण सहाला गॅरेज उघडलं, नेहमीसारखा कॉम्प्रेसर लावला, सरांना पाहिलंच नाही, असं तो सांगत राहिला.

नोंदीत पावलंही होती. सहा वाजून तीन मिनिटांनी कोणीतरी पायऱ्यांपासून गॅरेजपर्यंत चालत गेलं. सहा दहाला धक्का. सहा अकराला कोणीतरी गॅरेजपासून पुन्हा पायऱ्यांपर्यंत आलं. फौजदारबाईंच्या हाताखालच्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला. म्हणे सर चालत गॅरेजला गेले, तिथे बाचाबाची झाली, जावयाने त्यांना ढकललं, मग प्रेत खांद्यावर टाकून पायऱ्यांशी आणून फेकलं. दुपारी चारला त्याला गाडीत घालून नेलं. माझी लेक चपला न घालता गाडीमागे धावली. ती सात महिन्यांची पोटुशी आहे.

जाताना जावई मला म्हणाला, "मामा, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुमचीच केबल आहे ना?"

तीनशे मीटर हा आकडा सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नव्हता. ती लांबी माझ्या ओळखीची होती.

३

आता लपवण्यात अर्थ नाही. दीड वर्षापूर्वी रस्ता खणताना तीन नंबरच्या चेंबरपाशी कोणीतरी केबल तोडली. सर रजेवर होते. माझ्याकडे एका रिळावर नवी केबल उरली होती, बरोबर तीनशे मीटर. दोन तुटक्या टोकांमध्ये दोन मीटरचा तुकडा पुरला असता. पण चांगली केबल कापणं माझ्या जिवावर येतं. मी टेलिफोनच्या जमान्यात शिकलेला माणूस. तेव्हाचा नियम असा की उरलेली केबल कापायची नाही, गुंडाळून चेंबरमध्ये ठेवायची, पुढच्या वेळी कामाला येते. मी अख्खी तीनशे मीटर सांधली, गुंडाळी करून भिंतीला टांगली, आणि फॉर्मवर सवयीने लिहिलं, लांबीत फरक नाही.

टेलिफोनवर बोलणाऱ्याचा आवाज गुंडाळीतून जातो की सरळ, याने कोणाचं काही बिघडत नाही. कानांचं तसं नाही. त्या गुंडाळीतच तीस कान जाऊन बसले. यंत्राला काय, ते उजेड किती लांबून परत आला एवढंच बघतं. चेंबरच्या पलीकडे जे काही घडेल ते तीनशे मीटर पुढे घडलं, असं ते सांगणार. मॅडमने सहा महिन्यांपूर्वी नव्या मुलांना शिकवताना हे समजावलं, तेव्हा मी मागे बसून ऐकत होतो. माझी पाचावर धारण बसली. पण निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते, आणि आजवर माझ्या एकाही सांध्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारबाईंनी मला संगणकाच्या खोलीत बोलावलं. रस्ता माझ्या पायाखालचा म्हणून. मॅडम पडद्यावर रेघा दाखवत होती आणि बाई पुटपुटत मोजत होत्या.

त्यांनी मोजून काढलेल्या गोष्टी ऐकून आम्ही दोघं आ वासून बघत राहिलो. जातानाची पावलं पाचशे छत्तीस, येतानाची पाचशे एकसष्ट. तीनशे मीटरला एवढी पावलं म्हणजे चालणारा बुटका. सर सहा फुटी, माझा जावई त्याहून उंच, दोघंही चारशेच्या आत गेले असते. शिवाय दोन्ही वेळची पावलं एकाच माणसाची होती, आणि येताना ती जराही जड झाली नव्हती. खांद्यावर प्रेत असतं तर झाली असती. पावलं सुरू व्हायच्या आधी लोखंड आपटल्याचा एक आवाज होता, आणि शेवटचं पाऊल पडल्यावर पुन्हा तोच आवाज.

"पंपघरापाशी लोखंडाचं काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

काही नाही म्हणालो. पायऱ्या, पंप, आणि सरांची खोली. फाटक नाही, कठडासुद्धा नाही.

"म्हणजे एक बुटका माणूस मेलेल्याच्या घरातून निघाला, तुमच्या जावयाच्या दारात पोचला, आणि परत मेलेल्याच्या घरात शिरून नाहीसा झाला," बाई म्हणाल्या. "आणि अजून एक आहे. मॅडम, ते ठोके दाखवा."

धक्क्यानंतर मिनिटभराने तीनशे विसाव्या कानावर ठोके सुरू होत होते. तीन ठोके, थांबणं, पुन्हा तीन. गॅरेजमधली ठोकाठोक म्हणून कोणी त्याकडे पाहिलं नव्हतं. पण त्याच वेळी पावलं परत चालली होती. जावई प्रेत खांद्यावर घेऊन चालत असेल, तर गॅरेजात ठोकत कोण होतं? ठोके एकोणीस मिनिटं चालले. शेवटी शेवटी दोन-दोन झाले, मग एक.

मॅडमने तोंडावर हात घेतला. ती म्हणाली, "हे सर आहेत. त्यांना माहीत होतं की केबल ऐकते. ते आम्हाला बोलावत होते."

त्या वेळी खोलीत कोणी नव्हतं. आम्ही सगळे आठला येतो. आणि कोणी असतं, तरी ते धावत गॅरेजकडे गेलं असतं.

४

मॅडमच्या त्या वाक्याने मी जे काही धरून ठेवलं होतं ते सुटलं. मी सगळं सांगितलं. रीळ, गुंडाळी, फॉर्म, सहा महिन्यांचं मौन. सांगताना मॅडमकडे बघायचं धाडस झालं नाही. आपण नोकरी गमावतोय, नाव गमावतोय, याचं त्या क्षणी काही वाटलं नाही. एकच वाटत होतं की आता पोरीचा नवरा सुटेल.

फौजदारबाईंनी मला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी मॅडमला विचारलं की गॅरेजचा कॉम्प्रेसर नोंदीत कुठे दिसतो. मॅडम शोधायला लागली आणि थबकली. तीनशे विसावर तो कधी दिसलाच नव्हता. रोज सकाळी सहाला एक यंत्र सुरू व्हायचं ते साडेतीनशेव्या कानावर, बिल्डरच्या गवतात. ज्या यंत्रापायी बिचाऱ्याला तीन नोटिसा गेल्या, तो माझ्या जावयाचा कॉम्प्रेसर होता.

"छान," बाई म्हणाल्या. "तीस वजा करा. कॉम्प्रेसर आपल्या जागी, गॅरेजात. धक्का आपल्या जागी, पायऱ्यांवर. ठोके पायऱ्यांच्या तळाशी. प्रेत कोणी हलवलं नाही, उचललं नाही. सर जिथे पडले तिथेच मेले. जावयाला सोडतो आम्ही."

मी हात जोडले. मला रडू येत होतं, पण मॅडम पडद्यावरून नजर काढत नव्हती. ती हळूच म्हणाली की मग ती गडगडही तीसने मागे येईल. ती सरांच्या खोलीखाली नाही. पेला बरोबर होता. जिथून पावलं निघाली त्याच ठिकाणाखाली जमीन ढासळते आहे, आणि तिथे पंपघरासारखी मोकळी जागा नाही, तिथे घरं आहेत.

बाईंनी तिला पुढे बोलू दिलं नाही. त्या मला म्हणाल्या, नुसत्या बोलण्यावर कोर्ट चालत नाही. सरांचं राहिलेलं काम तुम्ही करा. हातोडी घ्या आणि चला.

५

सरांची हातोडी जप्त होती, म्हणून दुसरी घेतली. उन्हं वर आली होती. मी पुढे, मागे फौजदारबाई धापा टाकत, त्यांच्या हातातल्या फोनवर केंद्रातून मॅडम. दोन नंबरच्या चेंबरवर मारली. मॅडम म्हणाली, एकशे पन्नास. बरोबर होतं. तीन नंबरच्या अलीकडे मारली, दोनशे. तेही बरोबर. चेंबर ओलांडून दहा मीटरवर मारली आणि मॅडम म्हणाली, दोनशे एकतीस.

माझी चोरी मीच हातोडीने रस्त्यावर वाजवून दाखवत होतो. बायाबापड्या दारात येऊन बघत होत्या, मिस्त्री सकाळी सकाळी रस्ता का बडवतोय म्हणून.

तुम्ही म्हणाल, पुढचं मला आधीच कळायला हवं होतं. दोनशे नव्वदमधून तीस वजा करणं तिसरीतल्या पोरालाही जमतं. खरं आहे. पण ज्या वजाबाकीचं उत्तर आपल्या उंबरठ्याशी येतं ती माणूस करत नाही. मला जावई सुटल्याचा आनंद होता. मी दर दहा मीटरला हातोडी मारत चाललो होतो आणि डोक्यात लेकीचा चेहरा होता. दोनशे पन्नास म्हणजे मॅडमच्या तोंडून दोनशे ऐंशी. पुढे गल्लीचं तोंड, तिथे कोपऱ्यावरचं घर, दार रस्त्यावर. मी त्या दारासमोर थांबून मारली.

"दोनशे नव्वद," मॅडम म्हणाली.

मी मान वर केली. समोर माझं घर होतं.

हातोडीचा आवाज ऐकून ही बाहेर आली. ही म्हणजे माझी बायको. पदराला हात पुसत, नेहमीसारखी तुरुतुरु. तिने मला पाहिलं, हातोडी पाहिली, बाईंना पाहिलं. तिच्या मागे आमचं स्प्रिंगचं लोखंडी फाटक आपसूक बंद होऊन आपटलं. दुरुस्त करा, दुरुस्त करा, असं ती वर्षभर माझ्यामागे लागली होती.

फोनवर मॅडमने ती रेघ जुन्या नोंदीशी ताडून पाहिली. मग म्हणाली, "मॅडम, हाच तो आवाज."

ती मला नव्हे, फौजदारबाईंना सांगत होती. मी तिथेच रस्त्यावर बसलो. माझ्या हातातून हातोडी कोणी काढून घेतली ते आठवत नाही.

६

हिने काही नाकारलं नाही. उलट दोन दिवस डोक्यावर धरलेलं ओझं खाली ठेवावं तसं तिने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सांगितलं. लेक शेजारच्या खोलीत झोपली होती म्हणून आवाज खाली ठेवला होता.

चूक माझीच होती. सरांनी हातोडीचं जाहीर केलं त्या संध्याकाळी मी जेवलो नाही, आणि तिने खोदून विचारल्यावर गुंडाळीचं सगळं सांगितलं. एकतीस वर्षांचं नाव उद्या मातीत जाणार, असंही म्हणालो. मी पहाटे दुसऱ्या टोकाच्या दुरुस्तीला गेलो. सहाला ती निघाली, सरांना गाठून एवढंच सांगायला की दोन महिने थांबा, यांना मानाने घरी येऊ द्या, मग काय ठोकायचं ते ठोका.

सर नुकतेच पायऱ्या चढून वर आले होते. त्यांनी तिचं, गुंडाळीचंही, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की वहिनी, मी थांबलो असतो, पण जमीन थांबत नाही. मला वाटतं ती गडगड तुमच्या गल्लीखाली आहे. आज खात्री झाली तर दुपारपर्यंत चौदा घरं रिकामी करायची आहेत, त्यात तुमचंही.

"मला वाटलं, सबब सांगतायत," ही म्हणाली. "आजवर सगळे म्हणत होते पंपघराखाली आहे, आणि नेमकं आजच आमच्या घराखाली कसं आलं? मला रागच आला. मी हातोडीला हात घातला. म्हटलं, ही देतच नाही. ते सोडवायला गेले आणि मागे पायरीवरून..."

फौजदारबाईंनी तिला पाणी दिलं. पाणी त्यांनीच माठातून घेतलं.

मग बाईंनी तो प्रश्न विचारला जो मलाही विचारायचा होता आणि विचारवत नव्हता. माणूस एवढा पडला, तर तुम्ही खाली का गेला नाहीत, कोणाला हाक का मारली नाहीत?

"जाणारच होते की," ही म्हणाली. "दोन पायऱ्या उतरलेही. जीव नुसता गोळा झाला होता. तेवढ्यात खालून ठोकायचा आवाज आला. ठण, ठण, ठण. म्हटलं, बघा, किती हट्टी माणूस, पडला तरी लगेच कामाला लागला. यांचं नाव घालवल्याशिवाय राहणार नाही. पण मनात बरं वाटलं, खरंच सांगते. धडधाकट आहेत, ठोकतायत, म्हणजे फार लागलं नाही. म्हणून मी घरी आले. चहा ठेवला. मग आठ वाजता कळलं की ते गेले, तेव्हापासून मला समजतच नाहीये. पुन्हा पडले का हो ते? मी गेल्यावर पुन्हा चढायला गेले आणि पडले असतील, हो ना?"

ती माझ्याकडे बघत होती. जावयाला पकडलं तेव्हाच बोलायचं होतं, पण बोलले तर तुमची गुंडाळी उघडी पडते, म्हणून एक दिवस थांबले, असंही तिने सांगितलं. मीही तिच्यासारखाच एक दिवस थांबलो होतो. एका छपराखाली दोघं आपापली मूठ झाकून बसलो होतो, आणि मधल्या मधे लेक भिंतीला डोकं टेकून रडत होती.

बाहेर गाड्या येऊ लागल्या. मॅडमने केंद्रातूनच हुकूम काढला होता, गल्ली दुपारच्या आत रिकामी करा म्हणून. माणसं गाद्या, भांडी, पोरं घेऊन बाहेर पडत होती. कोणी सरांना शिव्या देत होतं, कोणी नशिबाला. सरांचंच काम चाललं आहे हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. लेकीला उठवून जावयाच्या गॅरेजवर पाठवायचं होतं, आणि तिच्या आईला दुसऱ्या गाडीत बसायचं होतं.

फौजदारबाईंनी मला दाराशी बोलावलं. त्या ठोक्यांचं तिला आता सांगायला हवं, म्हणाल्या. कोर्टात वकील सांगेल, नाहीतर वर्तमानपत्रात येईल. मी सांगू शकते, पण परक्या माणसाकडून तिने हे ऐकू नये असं मला वाटतं. मी गल्ली रिकामी होईपर्यंत बाहेर थांबते.

त्या बाहेर गेल्या. फाटक आपटू नये म्हणून त्यांनी ते हाताने धरून लावलं.

ही स्टुलावरच बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि तिचे दोन्ही हात धरले. ते अजून ओले होते. एकोणीस मिनिटं, तीन-तीन ठोके, शेवटी एक, हे सगळं मी तिला सांगितलं. ते तपासणीचे ठोके नव्हते, ते तुला बोलावत होते, हेही सांगितलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "मी परत गेले असते, तर?"

मी म्हणालो, "वाचले असते."